पिरॅमिडच्या तळाशी: पहिल्यांदा ट्रेमेर खेळणाऱ्यांसाठी

‘व्हँपायर: द मॅस्करेड’ या टेबलाभोवती बसून, व्हँपायरांची पात्रं वठवत खेळायच्या खेळात कूळ निवडायची वेळ आली की नवखे खेळाडू बरेचदा ट्रेमेरवर बोट ठेवतात. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘त्यांच्याकडे जादू आहे ना!’ आहे, पण ती महाग पडते, सावकाश चालते आणि तिच्यापायी भूक वाढायचा धोका असतो. नुसते आगीचे गोळे फेकायचे असतील तर त्यासाठी दुसरे चांगले खेळ आहेत. ट्रेमेरची मजा अशी की हजार वर्षं कारस्थानं करत आलेल्या एका घराण्यातले तुम्ही सगळ्यांत धाकटे असता. तुम्हाला येणारी प्रत्येक विद्या कुणीतरी शिकवलेली असते, आणि तो कधी ना कधी वसुलीला येणार असतो. हे मिंधेपण खेळायची तयारी असेल तर पुढे वाचा.

सगळे आकडे पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१८ सालच्या नियमांचे आहेत. तुमचा स्टोरीटेलर, म्हणजे गोष्ट चालवणारा, जुन्या आवृत्तीवर खेळवत असेल तर पात्राचं पत्रक भरण्याआधी त्याला विचारा, कारण ट्रेमेरच्या बाबतीत दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पायरी १: घराण्याचा इतिहास, पण कामापुरता

ट्रेमेर हे नाव या खेळाहून जुनं आहे. १९८७ साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हॅगन यांनी ‘आर्स मॅजिका’ हा मध्ययुगीन युरोपातल्या जादूगारांचा खेळ काढला. त्यात ऑर्डर ऑफ हर्मिस नावाचा जादूगारांचा संघ आहे आणि त्या संघातलं एक घराणं म्हणजे ट्रेमेर. १९९१ मध्ये राइन-हॅगनचा ‘व्हँपायर’ आला आणि तेच नाव आजच्या शहरांत, आजच्या रात्रीत येऊन पोचलं. आता मात्र ही माणसं जिवंत नव्हती.

खेळातली कथा अशी. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास या जादूगारांचं आयुष्य वाढवणारी जुनी विद्या चालेनाशी झाली. शतकभर सत्ता भोगलेल्या माणसांना मरण समोर दिसू लागलं. घराण्याचा मूळपुरुष ट्रेमेर, आणि त्याच्या हाताखालचा गोराट्रिक्स हा हुशार पण कुठलीच चाड नसलेला शिष्य. गोराट्रिक्सने झिमीसे कुळातले व्हँपायर पकडून त्यांच्या रक्तावर प्रयोग केले आणि १०२२ मध्ये विधी पार पाडला. ट्रेमेर आणि त्याचे निवडक शिष्य अमर झाले, व्हँपायर होऊन. पण जिवंतपणीची जादू त्यांच्या हातून कायमची गेली. मग रक्तातून नवी जादू उभी करावी लागली.

इथवर सगळं दुर्दैव म्हणता येईल. पुढचं मात्र उघड पाप आहे, आणि तुमच्या पात्राच्या डोक्यावर बसणारं आहे. नव्याने व्हँपायर झालेल्यांना व्हँपायरांच्या जगात कोण विचारतो? ११३३ मध्ये ट्रेमेरने सालुब्री कुळाचा आदिपुरुष साउलोट याला निद्रेत गाठलं आणि त्याचं रक्त, त्यासोबत आत्माही, पिऊन टाकला. त्यानंतर सालुब्रींची पद्धतशीर शिकार झाली, आणि वर ‘तेच आत्मे चोरणारे’ अशी आवई उठवली गेली. झिमीसेंशी युद्ध पेटलं, तेव्हा पकडलेल्या व्हँपायरांचे देह मोडूनतोडून त्यांतून गार्गॉइल नावाचे गुलाम सैनिक बनवले. पुढे कॅमरिला ही व्हँपायरांची संघटना उभी राहिली, तेव्हा हे संस्थापकांच्या पंगतीत जाऊन बसले. १४९३ च्या करारात बानू हकीम कुळावर जो शाप लादला गेला, तोही यांच्याच हातचा. इतर कुळं त्यांना मागून ‘उपटसुंभ’ म्हणतात. समोर बोलायची हिंमत नाही, कारण कुठल्याही शहराच्या प्रिन्सला, म्हणजे तिथल्या व्हँपायरांच्या म्होरक्याला, कधीतरी रक्तजादूची गरज पडतेच.

एवढं पुरे. याहून जास्त वाचून पहिल्या सत्राला येऊ नका. सगळी वंशावळ पाठ करून आलेला खेळाडू टेबलावर व्याख्यान देत बसतो, आणि तुमच्या पात्राला तरी एवढं कुठे ठाऊक असणार? धाकट्यांना सांगितली जाते ती साफसूफ केलेली आवृत्ती. साउलोटचं नाव घेतल्यावर वरिष्ठाचा चेहरा का बदलतो, हे पात्राला माहीत नसणंच खेळायला चांगलं.

पायरी २: २००८ च्या आधी की नंतर?

हा एकच प्रश्न पात्र ठरवण्याआधी स्टोरीटेलरला विचारायचा आहे.

२००८ च्या आधी घराणं म्हणजे पिरॅमिड. तळाला शिष्य, त्यांच्यावर रीजंट, त्यांच्यावर लॉर्ड, मग पाँटिफेक्स आणि टोकाला सात जणांचं मंडळ. प्रत्येक थरात पुन्हा सात-सात पायऱ्या. रीजंट एक चँट्री सांभाळतो. चँट्री म्हणजे मठ, वाचनालय, प्रयोगशाळा आणि हेरखातं एकाच छपराखाली. सगळ्यांत मोठी चँट्री व्हिएन्नात. या डोलाऱ्याला बांधून ठेवणारा चुना रक्ताचा होता. नव्या शिष्याला वरिष्ठांचं रक्त पाजलं जायचं, आणि व्हँपायरचं रक्त पुन्हा पुन्हा प्यालं की पिणाऱ्याला पाजणाऱ्याबद्दल ओढ लागते, मग बंधन पडतं. जुन्या नियमांत ट्रेमेरला हे बंधन इतरांपेक्षा लवकर जडतं. बंड करायचं मनात आणलं तरी मनच साथ देत नाही.

२००८ मध्ये सेकंड इन्क्विझिशनने, म्हणजे व्हँपायरांच्या मागे लागलेल्या सरकारी यंत्रणा आणि चर्चच्या युतीने, व्हिएन्नाची चँट्री उद्ध्वस्त केली. पिरॅमिड कोसळला. पाचव्या आवृत्तीत ट्रेमेरच्या रक्तातली बांधून ठेवायची ताकदही गेली आहे: ते दुसऱ्या व्हँपायरला आपल्याशी बांधू शकत नाहीत. त्यांना स्वतःला मात्र इतर कुळांचे व्हँपायर खुशाल बांधू शकतात. माणसांना आणि घूलांना (व्हँपायरचं रक्त पिणारे त्यांचे माणूस-नोकर) अजून बांधता येतं, पण त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त वेळा रक्त पाजावं लागतं. ज्या साखळीवर हजार वर्षं कारभार चालला, ती तुटून उलट यांच्याच गळ्यात पडली. लेखकांनी शोधलेल्या कुळशापांत मला हा सगळ्यांत कसबी वाटतो.

पडझडीनंतर घराण्याचे तुकडे झाले. ट्रेमेर हाऊस जुनी उतरंड पुन्हा उभी करू पाहतं. कार्ना हाऊसने जुन्या शिस्तीला लाथ मारून वेगळी चूल मांडली. इप्सिसिमस अनार्कांच्या, म्हणजे कॅमरिलाविरुद्धच्या बंडखोरांच्या, बाजूला झुकलेलं. आणि गोराट्रिक्सचं बदनाम नाव अभिमानाने लावणारेही आहेत. नवख्याने ट्रेमेर हाऊसच घ्यावं असं माझं मत. वरिष्ठांचा दरारा एकदा अंगावर घेतल्याशिवाय बंडाची चव कळत नाही.

पायरी ३: पत्रक भरा

उदाहरण म्हणून एक पात्र घेऊ. व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यात ऑस्ट्रियाचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, तिथे जुन्या हस्तलिखितांची डागडुजी करणारी एक बाई. चँट्री जळाल्यावर वाचलेले अर्धवट करपलेले कागद कुणीतरी तिच्याकडे दुरुस्तीला आणून दिले. तिने ते नुसते जोडले नाहीत, वाचलेही. असं वाचणाऱ्या माणसाला ट्रेमेर जिवंत सोडत नाहीत. एकतर मारतात, नाहीतर घरात घेतात.

नऊ गुणांना एक ४, तीन ३, चार २ आणि एक १ वाटायचा असतो. हिच्या बाबतीत इंटेलिजन्स ४. रिझॉल्व्ह, कंपोझर आणि मॅनिप्युलेशन प्रत्येकी ३. विट्स, डेक्स्टेरिटी, स्टॅमिना, करिश्मा २. स्ट्रेंग्थ १. हेल्थ म्हणजे स्टॅमिना अधिक तीन, इथे ५. विलपॉवर म्हणजे कंपोझर अधिक रिझॉल्व्ह, इथे ६. मारामारीत ही टिकणार नाही आणि तसंच हवं. ट्रेमेरला दंड थोपटायला लागले, म्हणजे डाव आधीच फसला.

कौशल्यांसाठी ‘बॅलन्स्ड’ वाटप घ्या: तीन कौशल्यांना ३, पाचांना २, सातांना १. ऑकल्ट आणि अकॅडेमिक्स ३ सगळेच घेतात. तिसऱ्या ३ साठी सबटरफ्यूज घ्या. खोटं बोलता न येणारा ट्रेमेर फार दिवस टिकत नाही.

डिसिप्लिन म्हणजे व्हँपायरी शक्ती. ट्रेमेरकडे तीन: ऑस्पेक्स (न दिसणारं जाणणं), डॉमिनेट (मनावर हुकूम) आणि ब्लड सॉर्सरी. एकीत दोन ठिपके (म्हणजे पातळ्या), दुसरीत एक, आणि शिकारीच्या पद्धतीनुसार आणखी एक मिळतो. आपली बाई रात्री झोपलेल्यांचं रक्त पिते, म्हणजे ‘सँडमन’, त्यातून ऑस्पेक्सचा ठिपका आला. ब्लड सॉर्सरी २, डॉमिनेट १, ऑस्पेक्स १.

ब्लड सॉर्सरीच्या पहिल्या पातळीवर दोन शक्तींतून निवड असते. ‘करोझिव्ह व्हीटे’ने तुमचं रक्त आम्लासारखं होतं आणि वस्तू विरघळवतं. नवखे हेच घेतात, दिसायला भारी आहे म्हणून. तुम्ही ‘अ टेस्ट फॉर ब्लड’ घ्या. एक थेंब जिभेवर ठेवून समोरच्याबद्दल बरंच काही कळतं: व्हँपायर असेल तर त्याचं रक्त किती जड आहे, कुणाचा आत्मा पिऊन तो आलाय का. वापरायला भूकही लागत नाही. कारस्थानाच्या खेळात शस्त्रापेक्षा माहिती विकली जाते.

सोबत पहिल्या पातळीचा एक विधी फुकट मिळतो. हिच्यासाठी ‘वॉर्ड अगेन्स्ट घूल्स’ घेऊ. एखाद्या वस्तूवर तो केला की तिला हात लावणारा घूल पोळतो. कपाटावर करा आणि बघत बसा, कुणाचा नोकर हात झटकतो ते.

पायरी ४: एक विधी फाशांवर

दहा बाजूंचे फासे दोन रंगांत लागतात. काळे साधे, लाल भुकेचे. तुमची भूक जितकी, तितके काळे फासे काढून त्यांच्या जागी लाल घ्यायचे.

बाई कपाटावर वॉर्ड करते. त्यासाठी आधी एक ‘राउज चेक’: एक फासा टाका, ६ किंवा वर आलं तर भूक जैसे थे, खाली आलं तर एकाने वाढते. समजा ४ आला. तिची भूक १ होती, ती २ झाली. आता विधीचा फेक: इंटेलिजन्स ४ अधिक ब्लड सॉर्सरी २, एकूण सहा फासे, त्यांत दोन लाल. काठिण्य, म्हणजे किती यशं लागतील ते, विधीची पातळी अधिक एक, इथे २. प्रत्येक ६ किंवा वरचा आकडा म्हणजे एक यश.

काळ्यांवर ८, ३, १० आणि २ आले. लालवर १० आणि १. तीन यशं झालीच, पण दोन दहांची जोडी जमली की त्या जोडीची चार यशं धरतात, म्हणजे एकूण पाच. काम फत्ते. पण जोडीतला एक दहा लाल आहे, म्हणजे हा ‘मेसी क्रिटिकल’. विधी झाला, शिवाय आतला पशू वर आला. स्टोरीटेलर म्हणेल: वॉर्ड कपाटावर इतका खोल उतरलाय की लाकडातून रक्ताचा वास येतोय, आणि उद्या सकाळी ग्रंथालयाचा पहारेकरी तिथून जाणार आहे.

फेक फसला असता आणि लालवर १ असता, तर आणखी वाईट प्रकार: ‘बेस्टियल फेल्युअर’. ट्रेमेरच्या वाट्याला तेव्हा कुळाचं झपाटलेपण येऊ शकतं, परिपूर्णतेचा हट्ट. पुढे कौशल्याच्या फेकात दहांची जोडी येईपर्यंत किंवा प्रसंग संपेपर्यंत प्रत्येक फेकात दोन फासे कमी. हे झपाटलेपण अभिनयाने खेळा, नुसते फासे कमी करून मोकळे होऊ नका. दार तीनदा तपासणं, शिष्याने काढलेलं वर्तुळ पुसून पुन्हा काढायला लावणं, वाक्य अर्ध्यात तोडून शब्द सुधारणं.

विलपॉवरचा एक ठिपका खर्चून तीन काळे फासे पुन्हा टाकता येतात, लाल नाही. विधी सहसा प्रत्येक पातळीला पाच मिनिटं घेतात, त्यामुळे लढाई सुरू झाल्यावर ‘मी विधी करतो’ म्हणू नका. तोवर सगळं आटोपलेलं असतं.

पायरी ५: तीन माणसं आणि एक कपट

इथे वेळ द्या. बाकी सगळं पत्रकाच्या मागच्या पानावरून ठरतं.

एक वरिष्ठ लिहा, ज्याचे तुम्ही देणेकरी आहात. खेळात याला ‘मावला’ म्हणतात (सह्याद्रीतल्या मावळ्यांशी संबंध नाही), म्हणजे आश्रयदाता. ओळखी, साधनं अशा फायद्यांसाठी सात ठिपके मिळतात आणि दोन ठिपक्यांचे दोष घ्यावे लागतात. त्या सातातले दोन-तीन या वरिष्ठावर घाला. एक बरोबरीचा लिहा, त्याच चँट्रीतला, ज्याला तुमची जागा हवी आहे. आणि एक बाहेरचा, दुसऱ्या कुळाचा, ज्याच्यावर तुमचा उपकार आहे. कॅमरिलात उपकारांची चोख वही असते, क्षुल्लकपासून जीवदानापर्यंत दर्जे ठरलेले, आणि परतफेड टाळणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

मग एक गोष्ट लिहा जी घराण्यापासून लपवलेली आहे. ती लहान हवी. ‘मी गुप्तपणे सालुब्री आहे’ असलं काही नको. आपल्या बाईने करपलेल्या कागदांतलं एक पान परत केलं नाही. त्यावर काय आहे हे तिलाही पुरतं कळलेलं नाही. झालं. वर्षभराचा खेळ त्या पानावर चालेल.

पायरी ६: टेबलावर

मराठीत खेळणाऱ्यांना इथे एक आयती सोय आहे. रीजंटशी बोलताना ‘आपण’, इतर कुळांच्या वडीलधाऱ्यांशी ‘तुम्ही’, बरोबरीच्याशी ‘तू’. हे काटेकोर पाळलं की उतरंड आपोआप दिसते. बाईने एका रात्री रीजंटला चुकून ‘तुम्ही’ म्हटलं आणि स्टोरीटेलरने क्षणभर थांबून फक्त ‘काय म्हणालीस?’ विचारलं, तर टेबलावरच्या सगळ्यांना घाम फुटेल.

आता मुख्य अडचण. घराणं कारस्थानी आहे म्हणून खेळाडूने सोबत्यांविरुद्ध कारस्थान करायचं नसतं. स्टोरीटेलरला चोरून चिठ्ठ्या, बाजूच्या खोलीत कुजबुज, मित्राच्या पात्राचा परस्पर सौदा: याने दोन सत्रांत टेबल फुटतं. उपाय साधा आहे. पात्राने लपवायचं, खेळाडूने उघड सांगायचं. रीजंटने तुम्हाला कंपूतल्या ब्रूहा कुळाच्या सोबत्याच्या रक्ताचा नमुना आणायला सांगितला, तर मोठ्याने म्हणा, ‘माझी बाई तुझा ग्लास उचलून नेणार आहे, तुला चालेल? की तुझ्या पात्राला पकडायला आवडेल?’ बहुतेक जण पकडायलाच तयार होतात, आणि पकडलं जाणं न पकडलं जाण्यापेक्षा रंगतं. पहिल्या सत्राआधी एकत्र बसून कुठले विषय नकोत तेही ठरवा. मनावर ताबा आणि रक्ताचं बंधन हे दोन्ही काहींना जवळून टोचणारे विषय आहेत.

कंपूत बानू हकीम पात्र असेल तर त्या खेळाडूशी आधीच बोला. १४९३ चं प्रकरण त्यांच्याकडे विसरलेलं नसतं, आणि आता दोघं एकाच कॅमरिलात शेजारी बसतात. सालुब्री पात्र असेल तर स्टोरीटेलरसकट तिघांनी बसा.

पायरी ७: अनुभवाचे गुण कुठे घालायचे

कुळाच्या डिसिप्लिनची नवी पातळी म्हणजे पातळी गुणिले पाच. ब्लड सॉर्सरी २ वरून ३ ला पंधरा गुण लागतील. नवा विधी पातळी गुणिले तीन, म्हणजे पहिल्या पातळीचा विधी तीन गुणांत पडतो. सुरुवातीचे गुण विधींवर घाला. त्यांनी पात्र लगेच उपयोगी होतं, आणि प्रत्येक विधी कुणाकडून तरी शिकावा लागतो. गुण खर्च करायच्या आठवडाभर आधी स्टोरीटेलरला कळवा, म्हणजे शिकवणारा कोण आणि तो बदल्यात काय मागतो हे ठरवून तो सत्राला येईल. आपल्या बाईच्या बाबतीत मी पैजेवर सांगतो, रीजंट ते पान मागणार.